कुर्नोसोव नेमके कुठल्या खोलीत राहत होते

आमच्या फ्लॅटला बेल एकच आहे आणि बिऱ्हाडं चार. एकदा वाजली तर रोझा मार्कोव्हनाकडे पाहुणा, दोनदा वाजली तर गेन्नादी साव्विचकडे, तीनदा वाजली तर माझ्याकडे, चारदा वाजली तर वदीम आणि स्नेझाना या नव्या जोडप्याकडे. दाराबाहेर पुठ्ठ्यावर हे सगळं स्वच्छ लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. तरी त्या दिवशी जी बाई आली ती बेलवर बोट दाबून उभीच राहिली. मोजायचं तरी काय? चारही दारं उघडली आणि आम्ही सगळे एकदम फ्लॅटमधल्या बोळात आलो. असं यापूर्वी फक्त आग लागली होती तेव्हा झालं होतं.

बाईच्या गळ्यात मुठीएवढ्या अंबराच्या मण्यांची माळ होती. नाव एमिलिया रुबेनोव्हना, साहित्यिक स्मारक समितीच्या. आमच्या पीटर्सबर्गला त्या वर्षी तीनशे वर्षं पूर्ण होत होती, त्यामुळे रस्त्यावरच्या भिंती रंगवून झाल्यावर आता आत काय रंगवता येईल ते बघत माणसं फिरत होती.

"अवेनीर कुर्नोसोव!" ती छातीवर हात ठेवून म्हणाली. "एवढा मोठा लेखक या फ्लॅटमध्ये राहिला. सेहेचाळीस ते एकोणपन्नास. तुम्हाला कल्पना आहे?"

आम्हाला कल्पना नव्हती. म्हणजे मला होती, पण मी गप्प बसले. गेन्नादीने विचारलं, "मग? भाडं थकवलंय का त्यांनी?"

"त्यांच्या खोलीचं आम्ही स्मारक करणार आहोत. मात्र ती खोली कुठली, ते कागदावर सापडत नाही. ज्या खोलीत ते राहत असतील ती समिती घेईल, आणि त्या खोलीतल्या माणसाला नव्या इमारतीत स्वतंत्र फ्लॅट देईल. स्वतंत्र स्वयंपाकघर, स्वतंत्र बाथरूम. तुमच्यापैकी कोणाला काही आठवतं का?"

झालं! चारही बिऱ्हाडांना एकदम आठवायला लागलं.

आता मी आधीच सांगून ठेवते, मी काही साधू नाही. चौतीस वर्षं ट्राम चालवली, गुडघे तिथेच ठेवून आले. मला त्या फ्लॅटमधलं बाकी काही नको होतं, टब हवा होता. आमच्या बाथरूममध्ये तेव्हा चार बिऱ्हाडांचे चार दिवे होते आणि बाहेर चार बटणं, ज्याचं वीजबिल त्याने भरायचं. माझी पाळी मंगळवारी आणि शनिवारी, सात ते साडेसात. सव्वासातलाच गेन्नादी दार ठोठावायचा, "तैसिया प्रोखोरोव्हना, बुडालात की काय?" चौसष्ट वर्षांचं आयुष्य झालं, पण गरम पाण्यात गुडघे बुडवून मी एकदाही निवांत बसले नाही. मला दाराला कडी लावून तासभर पडून राहायचं होतं, बस्स. मरायच्या आधी एकदा तरी.

दुसऱ्या दिवशीपासून फ्लॅटचं रूपच पालटलं. रोझाने पेटीतून तिच्या आईची काळी शाल काढली आणि भर मे महिन्यात पांघरून बसली. रोझा आणि मी एकाच फ्लॅटमध्ये लहानाच्या मोठ्या झालो, एरवी आम्ही एकमेकींना अगं-तुगं करतो. भांडण असलं की अहो-जाहो सुरू होतं. गॅसच्या एका शेगडीवरून आम्ही अकरा वर्षं अहो-जाहोत होतो.

"माझी आई पियानो वाजवायची," रोझा एमिलिया रुबेनोव्हनाला सांगत होती, "आणि ते आमच्या खोलीत खिडकीजवळ बसून ऐकायचे. डोळ्यांत पाणी यायचं हो त्यांच्या!"

येणारच. रोझाची आई एकच चाल वाजवायची, आणि तीही चुकीची. कुर्नोसोव कानात कापूस घालून बसायचे, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. कापूस माझ्याच आईकडून मागून न्यायचे.

गेन्नादीने वेगळीच कथा काढली. त्याचे वडील आणि कुर्नोसोव म्हणे जिवाभावाचे दोस्त, एका ताटातले. पुरावा म्हणून त्याने कान तुटलेला एक पत्र्याचा मग दाखवला. "यातून दोघे प्यायचे. बाबा म्हणायचे, अवेनीर, तू लिही, मी आहे ना!"

"हा मग तर मागच्या वर्षीपर्यंत रंगाच्या ब्रशाला होता," मी म्हटलं.

"तुम्हाला काय कळतं? त्यांचा ब्रश होता तो."

वदीम आणि स्नेझानाला इथे येऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. त्यांना आठवणार काय, कपाळ! पण मुलगी हुशार. तिला स्वप्नं पडायला लागली. स्वप्नात पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ यायचे आणि बरोब्बर चौथ्या खोलीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवायचे. मग एके दिवशी वदीमने त्या कोपऱ्यातली फळी उचकटली, तर आत शाईची दौत! काय योगायोग! एमिलिया रुबेनोव्हनाने दौत हातात घेऊन उलटी केली. तळाला जुन्या बाजारातल्या दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. आणि कुर्नोसोवांना दाढी नव्हतीच, रोज आमच्याच बाथरूमच्या गार पाण्याच्या नळाखाली घोटून करायचे. पण ते मी बोलले नाही. बोलले असते तर "तुम्हाला कसं माहीत" हा प्रश्न आला असता.

माझ्याकडे खरी वस्तू होती. कपाटावर पंचावन्न वर्षं पडून असलेली आईची कपडे धुवायची फळी. मी ती खाली काढली, धूळ पुसली. तिच्यावर शाईचे डाग होते, खरेखुरे, कुर्नोसोवांच्याच हातचे, आणि एका टोकाला टाइपरायटरच्या पायांचे चार खळगे.

"ते आमच्याच खोलीत राहायचे," मी म्हटलं. "कपाटामागे. आईने त्यांना लिहायला ही फळी दिली होती."

यातलं फळीचं सोडलं तर बाकी सगळं खोटं होतं. एमिलिया रुबेनोव्हनाने फळीवर ओठ टेकले. ज्या फळीवर माझे लंगोट धुतले गेले त्या फळीवर! मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते असं. माणूस जिवंत होता तेव्हा त्याला कोणी चहाचा कप पुढे केला नाही.

"तुमची बाजू सगळ्यांत भक्कम आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही नवा फ्लॅट बघून तर या."

मी गेले. ट्रामच्या शेवटच्या थांब्यापर्यंत, आणि तिथून चिखलातून चालत. नववा मजला. चौकीदाराने कुलूप उघडून दिलं. बाकी काही न बघता मी थेट बाथरूममध्ये गेले. पांढराशुभ्र टब, त्यावर अजून कागद चिकटवलेला. मी कडी लावली आणि कोट-बुटांसकट त्या कोरड्या टबात बसले. गुडघे लांब करता आले. पाच मिनिटं बसले, दहा मिनिटं बसले. कोणी दार ठोठावलं नाही. शेवटी चौकीदारच काळजीने "आजीबाई, ठीक आहे ना?" म्हणाला तेव्हा उठले. परत येताना ट्राममध्ये मला रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं, उगाच दुसरं काही सांगत नाही.

आता खरं काय ते ऐका.

कुर्नोसोव आमच्या कुठल्याच खोलीत राहत नव्हते. ते बाथरूममध्ये राहत होते. लढाईत त्यांचं घर पडलं, बायको गेली. आमच्या बाथरूमचे गरम पाण्याचे नळ तेव्हा फुटलेले, नुसती गार पाण्याची धार, सगळी मंडळी अंघोळीला गल्लीतल्या बान्यात, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघरात जायची. तर घरव्यवस्थापकाने त्यांना तिथे टाकलं. "तात्पुरतं" म्हणाला. तात्पुरतं तीन वर्षं चाललं. रात्री टबात गादी घालून झोपायचे. सकाळी गादी गुंडाळली, टबावर आडवी फळी टाकली की झालं टेबल. ज्या जाडजूड कादंबरीसाठी आता माणसं फळीचे मुके घेतात ती तिथे लिहिली गेली, सांडपाण्याच्या भोकावर बसून.

मी तेव्हा आठ वर्षांची. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मास्तरीण वही सगळ्या वर्गाला दाखवून हसायची. एकदा मी बोळात रडत बसले होते तर बाथरूमचं दार उघडलं. "तैसिया प्रोखोरोव्हना, आत या," ते म्हणाले. आठ वर्षांच्या पोरीला अहो-जाहो, वडिलांच्या नावासकट! फ्लॅटमध्ये मला बाकी सगळे "ए कार्टे" म्हणायचे. कागद कोणाकडे होता तेव्हा? त्यांनी साबणाचा तुकडा हातात दिला आणि टबाच्या आतल्या बाजूवर लिहायला लावलं. चुकलं की ओल्या फडक्याने पुसायचं. "घाई कोणाला आहे? सावकाश," म्हणायचे. दोन हिवाळे मी त्या टबात बसून अक्षरं गिरवली. वसंतात मास्तरणीने माझी वही पुन्हा वर्गाला दाखवली, या खेपेला हसली नाही. आज फ्लॅटमधल्या पाट्या, साफसफाईच्या पाळीचा तक्ता, "दुसऱ्याच्या दिव्यावर अंघोळ करू नये" ही सूचना, सगळं मीच लिहिलेलं. माझी इस्टेट म्हणाल तर तेवढीच.

आणि मग एके दिवशी नळ दुरुस्त होणार, गरम पाणी येणार, अशी बातमी आली. बास! ज्या माणसाचा तीन वर्षं कोणाला त्रास नव्हता तो एका दिवसात सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायला लागला.

हे सगळं मी पोटात ठेवलं होतं, आणि ठेवणारही होते. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात एमिलिया रुबेनोव्हना पुन्हा आली. बेल पुन्हा तशीच. आम्ही स्वयंपाकघरात जमलो. रोझाचा काशा, म्हणजे तिची लापशी, शिजत होता, गेन्नादी आपल्या टेबलावर कोबीचं सूप ओरपत होता. बाईच्या हातात एक कागद होता आणि तोंड उतरलेलं.

"जुन्या दप्तरातून हे मिळालंय. वाचू?"

आणि तिने वाचलं. "आदरणीय घरव्यवस्थापक साहेब, आम्ही फ्लॅट नंबर चौदाचे रहिवासी कळवतो, की नागरिक कुर्नोसोव आमच्या बाथरूममध्ये राहतात. त्यामुळे नऊ माणसांना अंघोळ करता येत नाही व कपडे धुता येत नाहीत. ते टबवर फळी टाकून दिवसभर टाइप करतात. शिवाय एकटे असताना परक्या भाषेत मोठ्याने बोलतात. काय बोलतात ते आम्हाला समजत नाही, पण चांगले नसावे. तरी त्यांना येथून हलवावे." खाली चार सह्या. एक रोझाच्या आईची. एक गेन्नादीच्या वडिलांची, जिवाभावाच्या दोस्ताची. एक चौथ्या खोलीतल्या म्हाताऱ्याची. आणि एक माझ्या आईची.

काशा करपायला लागला तरी रोझा हलली नाही.

"बाथरूममध्ये!" एमिलिया रुबेनोव्हना म्हणाली. "समितीला तर हे फारच आवडलंय. बाथरूममध्ये कोणी राहत नाही, म्हणजे कोणाला फ्लॅटही द्यायला नको. दोरी बांधली की स्मारक तयार. पण मला हे खरं वाटत नाही. एवढा मोठा माणूस टबात? आणि कागद बघा, शाळेच्या वहीचं पान. अक्षर लहान मुलाचं. सह्या करणारे सगळे गेलेले. कोणीतरी नंतर बनवून दप्तरात सरकवलेलं असणार. तुमच्यापैकी कोणी हे अक्षर ओळखलं तर गोष्ट वेगळी. नाही ओळखलं तर मी हा कागद बनावट म्हणून बाजूला ठेवते, आणि मग फळीवरून तिसरी खोली ठरते."

तिसरी खोली म्हणजे माझी.

तिने कागद वर धरला. तिच्या पाठीमागे भिंतीवर साफसफाईच्या पाळीचा तक्ता लटकत होता. तेच अक्षर. तीच शेपटी, तोच वळसा. पंचावन्न वर्षांत काही बदललेलं नाही, जरा मोठं झालंय इतकंच. गेन्नादीने कागदाकडे बघितलं, मग तक्त्याकडे, मग माझ्याकडे, आणि मान सुपात घातली. रोझा उठली, शाल सावरली, आणि हळूच जाऊन तक्त्यासमोर पाठ लावून उभी राहिली. रोझा! जिने एका शेगडीसाठी माझ्याशी अकरा वर्षं वैर धरलं ती!

माझ्यावर प्रेम ऊतू चाललं होतं असं नाही. बाथरूमला दोरी लागली तर तिने अंघोळ कुठे करायची? शिवाय आईची सही.

"मी नाही ओळखत," रोझा म्हणाली.

"आमच्या बाबांना तर लिहायलाच आवडायचं नाही," गेन्नादी म्हणाला.

"आमचा तेव्हा जन्मही झाला नव्हता," स्नेझाना म्हणाली. "पण स्वप्नात त्यांनी बाथरूमचा विषय कधी काढला नाही."

उंदराला मांजर साक्ष. आता फक्त मी राहिले. एक "नाही" म्हणायचं की टब माझा. जीभ उचलली, टाळ्याला लावली.

एमिलिया रुबेनोव्हनाला उत्तराचीही गरज वाटली नाही. माझं तोंड बघून तिने स्वतःच ठरवलं. "तुम्हाला तर हे ऐकूनच धक्का बसलाय," ती म्हणाली आणि वही काढून लिहायला लागली, मोठ्याने म्हणत. "या खोलीत थोर लेखक अवेनीर कुर्नोसोव यांनी अटकेपूर्वीची आपली अखेरची मोकळी वर्षं व्यतीत केली. साध्या, कष्टाळू शेजाऱ्यांनी त्यांना जिवापाड जपले."

"काय केलं?" मी विचारलं.

"जिवापाड जपले. का, चांगलं नाही वाटत?"

मला काय झालं कोण जाणे. ट्रामसमोर कोणी आडवं आलं की माझ्या तोंडातून जसं सुटायचं तसं सुटलं. "जपलं? आम्ही? अहो, आम्ही त्यांना पिटाळलं! अंघोळीसाठी पिटाळलं! रोझा मार्कोव्हना, बाजूला व्हा."

"तैसिया, अगं गप्प बस," रोझा दातांतल्या दातांत म्हणाली. "तुला टब मिळतोय, मूर्ख बाई!"

"बाजूला व्हा म्हणते ना!"

रोझा सरली. मी तक्ता भिंतीवरून ओढला, खिळ्यासकट, आणि त्या कागदाशेजारी टेबलावर आपटला. एमिलिया रुबेनोव्हना एकदा इकडे बघते, एकदा तिकडे. अंबराचे मणी नुसते खुळखुळत होते.

"आईला सहीपलीकडे लिहिता येत नव्हतं," मी सांगितलं. "रोझाच्या आईचा हात कापायचा. गेन्नादीचे वडील म्हणाले, पोरीचं अक्षर मोत्यासारखं आहे, तिला बसवा. या इथेच, याच टेबलावर. आई सांगत होती तिला फक्त कपडे धुवायचे आहेत एवढंच. तर ते म्हणाले, नुसत्या अंघोळीचं कोण वाचतंय, जरा वजनदार काहीतरी घाला. ते परक्या भाषेचं त्यांनी घातलं. तो माणूस लॅटिन कविता म्हणत दाढी करायचा, बाई. मी लिहिलं. छान लिहिलं. एकदा शाईचा डाग पडला म्हणून पान फाडून पुन्हा लिहिलं."

स्वयंपाकघरात करपलेल्या काशाचा वास भरला होता. गेन्नादीने उठून गॅस बंद केला. रोझाची शेगडी त्याने बंद करायची हे पहिल्यांदाच घडलं.

तर असं आहे आमचं स्मारक. समितीने टब घासून घेतला, दाराला लाल दोरी लावली आणि फ्लॅट काही कोणाला दिला नाही. चार दिव्यांपैकी तीन काढले. माणसं येतात, बुटांवर कापडी जोडे चढवतात, दोरीपलीकडे माना घालतात आणि म्हणतात, "किती शांतता मिळत असेल नाही लिहायला!" तेवढ्यात गेन्नादी हेरिंग मासे तळायला घेतो. स्नेझानाच्या स्वप्नातले गृहस्थ आता टबात बसून येतात, आणि हे ती आलेल्या मंडळींना सांगते. आम्ही सगळे गुरुवारी बान्यात जातो, गल्लीच्या टोकाला, टॉवेल काखेत मारून, पंचावन्न वर्षांपूर्वीसारखे. पहिला महिनाभर माझ्याशी कोणी बोललं नाही. मग बान्यात पाठ चोळायला कोणीतरी लागतंच, तेव्हा रोझा म्हणाली, "वळ इकडे, मेले." म्हणजे भांडण मिटलं.

देखरेखीला समितीला माणूस हवं होतं, ते मलाच नेमलं. दाराशी खुर्ची टाकून बसते. टबात फळी आडवी आहे, तिच्यावर काचेखाली ते पत्र. त्याखालची चिठ्ठी कोणी लिहायची, असा प्रश्न आला तेव्हा एमिलिया रुबेनोव्हना माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हीच लिहा." तीन पुठ्ठे वाया घालवले. चौथ्यावर उतरलं. "हस्ताक्षर: तैसिया प्रोखोरोव्हना, वय वर्षे दहा, याच फ्लॅटमधील रहिवासी." शाळेच्या पोरी ती चिठ्ठी वाचतात, मग पत्र वाचतात, मग माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव वाचतात. काही जणी माझ्याकडे बघतात. मी नजर खाली घालत नाही, पगार त्याचाच आहे.

एक गोष्ट मात्र मी एमिलिया रुबेनोव्हनाला सांगितली नाही, ती तुम्हाला सांगते.

कुर्नोसोवांना न्यायला गुप्त पोलीस आले ते भर दुपारी आले, दोघं जण. आईने आम्हा पोरांना खोलीत कोंडलं होतं, पण मी दाराच्या फटीला डोळा लावून होते. कुर्नोसोव टोपी घालून बोळात उभे होते. त्यातला एक जण फळीवरचे कागद गोळा करत होता, आणि दुसऱ्याने त्यांना आमचं पत्र दाखवलं. बहुधा खिजवायला, की बघा तुमचे शेजारी. कुर्नोसोवांनी चष्मा लावला आणि ते वाचलं. सावकाश वाचलं, वरपासून खालपर्यंत. मग चष्मा खिशात ठेवला आणि आमच्या बंद दाराकडे तोंड करून म्हणाले, "अक्षर फार सुधारलंय हो, तैसिया प्रोखोरोव्हना."

ते जिन्याने खाली गेले. आणि मी दारामागे उभी होते, दहा वर्षांची, आणि देवाशप्पथ सांगते, मला इतकं बरं वाटलं.